तोंड थांबलं तर पास

अण्णांनी अडकित्त्यानं सुपारी फोडली, तिची तीन खांडं केली, एक नरसव्वाला दिलं, एक मला दिलं आणि तिसरं स्वतःच्या गालात टाकलं. मग रंगमंचाकडे बघून नुसता हात वर केला. एरवी ते "हं, येऊ द्या की पहिला" असं दणदणीत ओरडायचे. त्या सोमवारी सकाळी ते ओरडले नाहीत, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. माझे डोळे विंगेत रांगेनं उभ्या असलेल्या पाच माणसांतल्या शेवटच्या माणसावर होते. ते माझे मामा होते.

ही गोष्ट बोलपट यायच्या आधीची. सोलापुरात आमचं वसंतविलास थिएटर होतं आणि मी तिथं पेटी वाजवत असे. पडद्यावर घोडे धावले की जलद वाजवायचं, नायिका रडली की सावकाश. यंत्र एकच असल्यामुळं प्रत्येक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत सात-आठ मिनिटं पडदा कोरा राहायचा. पुढं जमिनीवर बसलेली गिरणीतली मंडळी त्या सात मिनिटांत काय वाटेल ते करत. एकदा त्यांनी माझी पेटी उचलून मागच्या बाकापर्यंत हातोहात नेली होती. म्हणून अण्णांनी मधल्या वेळेत व्हरायटी सुरू केली. जादूगार, नकलाकार, पैलवान, वाटीवर नाचणाऱ्या बायका, जो कुणी सात मिनिटं लोकांना बसवून ठेवील तो.

सिद्रामप्पा अण्णा थिएटरचे मालक. माणूस अंगानं आडवा, आवाजानं उभा. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायची त्यांची रीत विजापूर-गुलबर्ग्यापर्यंत माहीत होती. सोमवारी सकाळी रिकाम्या थिएटरात तीन परीक्षक बसायचे. एक ते स्वतः, दुसरी बायकांच्या दारावर बसणारी नरसव्वा आणि तिसरा मी. तिघांच्या तोंडात सुपारी. खेळ चालू असताना ज्याचं चावणं आपोआप थांबेल त्याची पसंती. तिघांची तोंडं थांबली तर पास, नाहीतर चहा पिऊन घरी जा.

"माणूस खोटं बोलतंय," अण्णा सांगायचे, "टाळ्यापण खोट्या वाजवतंय. जबडा न्हाई की ओ खोटं बोलत."

त्यामुळं येणारे कलावंत आमच्या डोळ्यांकडे बघतच नसत. सगळे आमच्या हनुवटीकडे बघत खेळ करत. नरसव्वाची हनुवटी तर भल्याभल्यांना घाम फोडायची. ती साठीची पद्मसाळी बाई, चार मुलं आणि दोन माग सांभाळून थकलेली. जगात आपल्याला थांबवण्यासारखं फार काही उरलेलं नाही अशा चेहऱ्यानं ती चावत असे.

त्या सोमवारी एकच जागा भरायची होती, पण ती सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतली. पंधरा दिवस, रोज तीन खेळ, थिएटर तुडुंब. आणि त्या जागेसाठी माझे मामा, तुळजाराम हिबारे, उभे होते.

मामांनी तीस वर्षं नाटक कंपनीत बायकांची कामं केली. शकुंतला झाले, द्रौपदी झाले, आणि पोट सुटल्यावर कैकेयी झाले. मला त्यांनीच वाढवलं, पेटी त्यांनीच शिकवली. दोन वर्षांपूर्वी कंपनी बार्शीत मोडली. ते माझ्या खोलीत येऊन राहिले आणि मामी अक्कलकोटला भावाकडे गेली. तिच्या भावाचं किराणा दुकान होतं. संक्रांतीपर्यंत काम मिळालं नाही तर मामांनी अक्कलकोटला यायचं आणि मेव्हण्याच्या दुकानात गूळ तोलायला बसायचं, असा तिचा निरोप होता. मामांना गूळ आवडायचा. मेव्हणा नाही आवडायचा.

त्या दिवशी सकाळी खोलीत दाढी करताना ते आरशातून माझ्याशी बोलत होते.

"रघू, एक सांगून ठेवतो. भाचा म्हणून पास करू नकोस."

"नाही करणार."

"केलंस तर मला कळेल."

"मामा, कुठलं पद म्हणणार आहात?"

"विरहिणीचं. काळी चारमध्ये. का रे?"

मामांचा आवाज गेला होता. बार्शीच्या आधीच तो फाटायला लागला होता आणि आता वरच्या षड्जाला पोचायच्या आधीच तो दारात बसकण मारायचा. हे मला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं. मामांना ते माहीत नाही असं मी धरून चाललो होतो.

"काही नाही," मी म्हणालो, "छान पद आहे."

त्या काळात मी मामांच्या प्रत्येक गोष्टीला छानच म्हणायचो. दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नसे.

तर अण्णांनी हात वर केला आणि पहिला माणूस आला. तो विजापूरचा, दातांनी खाट उचलणारा. खाट उचलली, पण खाटेवर बसवलेला त्याचा भाऊ इतका भेदरला की तो सगळा वेळ "ठेव, ठेव" म्हणत होता. मी चावत राहिलो. नरसव्वाही चावत होती. सवयीनं मी अण्णांकडे बघितलं तर त्यांची हनुवटी स्थिर. बोट ठेवल्यासारखी.

दुसरा जादूगार. त्याची कोंबडी बोलवायच्या आधीच टोपीतून बाहेर आली आणि खाली आमच्या बाकांकडे उतरली. नरसव्वानं चावता चावता तिला धरून परत दिलं. अण्णांचं तोंड थांबलेलं. तिसरा गृहस्थ कुर्डुवाडीचा, कोट घातलेला. त्यानं इंग्रजी बाराखडी उलटी म्हणून दाखवली, मग सुलटी म्हणून दाखवली, आणि कुणी काही बोलत नाही हे बघून पुन्हा उलटी. अण्णा तेव्हाही गप्प, जबडा जागच्या जागी.

नरसव्वा माझ्याकडे झुकली. "अण्णाला काय झालंय आज? उलट्या बाराखडीला थांबतंय व्हय तोंड?"

"पुण्याहून आल्यापासून असेच आहेत," मी म्हणालो. अण्णा आठ दिवस कामासाठी पुण्याला गेले होते आणि आदल्याच दिवशी परतले होते.

"चांगलंय की मग. तुझ्या मामाला एक मत आधीच मिळालंय."

माझ्याही मनात तेच आलं. अण्णांचं तोंड आज कशालाही थांबतंय, माझं मी थांबवीन, म्हणजे उरली एकटी नरसव्वा. चौथा मनुष्य सायकलवरून येऊन माझ्या पेटीजवळ पडला तोवर मी हाच हिशेब करत होतो.

मग मामा आले.

पांढरं धोतर, लांब कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणं. पन्नाशी उलटलेला, मिशीला पीळ दिलेला, पोट सुटलेला मनुष्य. त्यांनी नमस्कार केला, आणि हात जोडता जोडता कमरेत असा काही हलका बाक आला की क्षणभर मला जुनी शकुंतला दिसली. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पेटी सुरू केली. काळी चारला नाही, काळी दोनला. पट्टी एवढी खाली आणली तर आवाज कसाबसा पोचेल असं मला वाटलं, आणि मामांना कळणार नाही असंही वाटलं. ज्यानं मला पेटीवर पहिलं बोट ठेवायला शिकवलं त्याला ते कळणार नाही असं मला वाटावं, याचं आज मला हसू येतं.

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गायला लागले. मी लगेच दात आवळले. सुपारी एका गालात दाबून ठेवली आणि तल्लीन झाल्यासारखा चेहरा केला. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ वर जायला लागली आणि आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. नरसव्वा शांतपणे चावत होती. मी दात इतके आवळले की कानशिलं दुखायला लागली.

मामा मध्येच थांबले.

ते रंगमंचाच्या अगदी कडेला आले आणि वरून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. लहानपणी मी खोटं बोललो की ते असेच बघायचे. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावरून घेतलं, त्याचं टोक दातात धरलं आणि माझी मामी माझ्यासमोर उभी राहिली.

"का रे रघ्या," मामीचा आवाज आला, हुबेहूब तिचा, नाकातला, "दातखीळ बसली का तुझी? ह्यांचं गाणं ऐकून शेजारची म्हैस दावं तोडून गेली. मी म्हशीच्या मागोमाग अक्कलकोटला गेले. आणि तू मेल्या, हळदीकुंकवाला बसल्यासारखा तोंड मिटून बसलायस?"

पेटीवरची माझी बोटं थांबली. मागं जादूगाराची कोंबडी ओरडली. मामा मला रागावत होते, खरोखरच रागावत होते, पण आता त्यांचं त्यांना आवरत नव्हतं.

उपरणं डोक्यावरून खाली आलं, कमरेला खोचलं गेलं, आणि मामीच्या शेजारी आमच्या गल्लीतली राजव्वा येऊन उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर.

"कशाला पोराला बोलायलाव ओ? बोलायच्या नादात माझ्या घागरीफुडं तुमची घागर सरकवायलाव ते दिसंना व्हय मला? मी पाचला उठून लावलीय घागर. माझा मालक साक्षीला हाय. मालक झोपलाय ते सोडा."

तेवढ्यात आम्हाला कळलं की आम्ही नळावर आहोत. रंगमंचावर नळ नव्हता, घागर नव्हती, बाई नव्हती. मिशीवाला एक म्हातारा आणि एक उपरणं. उपरणं डोक्यावरून छातीशी घट्ट आलं आणि जमादाराची आमिनाबी बोलली, "अगे बाई, तुम दोनों झगडो, मैं भर लेती. मेरेकू किसीसे लडना नई. ये मेरी भाबी की घागर, ये मेरी सास की, और ये छोटी वाली तो मस्जिद की है."

मग तिघी एकदम भांडायला लागल्या. एका माणसानं तिघी एकदम कशा केल्या ते मी आजही सांगू शकणार नाही. उपरणं डोक्यावर, कमरेला, छातीशी असं फिरत होतं आणि प्रत्येक वेळी दुसरीच बाई वाक्य पुरं करत होती. राजव्वा जरा जास्त वेळ बोलली, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही. मी पेटीवर डोकं ठेवून हसत होतो.

आणि त्या कल्लोळात चौथी आली. नवी नवरी. ती बोललीच नाही. मामांनी उपरण्याचा पदर पार नाकापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं आपली घागर बोटभर पुढं सरकवली. थांबली. तिघींचा आवाज चढला की पुन्हा बोटभर. असं करत करत ती नळाखाली पोचली, घागर भरली, कमरेवर घेतली आणि तिघींच्या मधून लाजत लाजत निघून गेली. जाताना पदराआडून एकदाच मागं बघितलं.

त्याच वेळी शेजारी कट् असा आवाज झाला.

मी वळून बघितलं. अण्णांचा जबडा हलला होता. चार जणांना न हललेला, सगळी सकाळ दगडासारखा राहिलेला जबडा नेमका आत्ता हलला होता. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, उठले, मामांच्या दिशेनं एक हात जोरजोरात हलवला आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

मामा विंगेपाशी उभे होते. त्यांनीही ते बघितलं होतं. त्या रंगमंचावर उभा राहणारा प्रत्येक जण हनुवट्याच बघायचा.

नरसव्वानं तोंडातून सुपारी काढून तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे नवलानं बघितलं. "माझं थांबलं," ती म्हणाली. "माझी थोरली पोर वारल्यापासनं पहिल्यांदा थांबलं. पण अण्णाचं हललं बाबा. नियम हाय."

"नियम म्हणजे नियम," मामा म्हणाले आणि रंगमंचावरून उतरून माझ्याजवळ आले. "तुझं रे?"

"काय?"

"सुपारी कुठाय तुझी?"

मी जिभेनं सगळीकडे शोधलं. सुपारी नव्हती. हसता हसता ती केव्हाच पोटात गेली होती. तसं सांगितल्यावर मामांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान आलं आणि लगेच गेलं.

"पद चालू होतं तेव्हा दात आवळले होतेस ना?"

"हो."

"पेटी खाली आणलीस."

"हो."

"कंपनीत लोकांनी मला चपला मारल्यात, रघू. सोलापुरातच मारल्यात. मला वाईट वाटलं, पण अपमान नाही वाटला, कारण त्यांना जे वाटलं ते त्यांनी मारलं. आज तू मला काय मारलंस?"

मामा घरी गेले.

दुपारी मी खोलीवर पोचलो तेव्हा ते ट्रंकेला दोरी बांधत होते. अक्कलकोटची गाडी पाचला होती. मला इतकं वाईट वाटत होतं की मी दोरीचं दुसरं टोक धरून त्यांना गाठ मारायला मदत करत होतो. एवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात अण्णा आले. तोंडावर उपरणं, मागं नरसव्वा.

अण्णांनी तोंडावरचं उपरणं काढलं आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. अण्णांच्या तोंडात एकही दात नव्हता. खिशातून त्यांनी रुमाल काढला, उलगडला, आणि त्यात पांढरीशुभ्र कवळी होती. दोन तुकड्यांत.

ते काहीतरी बोलले. ते सगळं ओठांतून वाऱ्यासारखं बाहेर आलं.

"अण्णा म्हणायलाय," नरसव्वानं सांगितलं, "पुण्यात उरलेसुरले दात काढून नवे बसवले. कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दातात चावायची ताकद न्हाई, म्हणून सकाळधरनं सुपारी नुसती गालात ठेवली होती."

"मग सगळ्यांना थांबलं ते..." मी म्हणालो.

"थांबलं कुठं, सुरूच न्हवतं," नरसव्वा म्हणाली. अण्णांनी तिला गप्प करून स्वतः बोलायचा प्रयत्न केला आणि सावकाश, एकेक शब्द लावत बोलले, तेव्हा आम्हालाही कळलं.

"तुमच्या नवरीनं घागर सरकवली, आन् मी इसरलो की ओ. दात नवे हायत ते इसरलो. जुन्या सवयीनं कचकन चावलं." त्यांनी रुमालातल्या तुकड्यांकडे बघितलं आणि हिरड्या दाखवून हसले. "गड्ड्याला तुम्हीच. मी हातानं 'थांबा, थांबा' सांगत होतो. तुम्हाला ते 'जावा' वाटलं."

मला उडी मारावीशी वाटली. पण मामा ट्रंकेवर ताठ बसून होते.

"तोंड हललं ना पण अण्णा? नियम तुमचाच आहे."

अण्णांनी डोकं खाजवलं. "सुपारी कशाला देत होतो मी? माणूस स्वतःला इसरतंय का बघायला. कुणी थांबून इसरतंय, मी चावून इसरलो. आता दात मोडून घेऊन आलोय, अजून काय पायजे ओ तुम्हाला?"

"ह्याचं मत पाहिजे," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं सकाळी खोटं मत दिलंय. ते मागं घेऊन खरं देऊ दे. मग मी ठरवतो पाचची गाडी."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडाशी तो शब्द तयार होता. छान. दोन वर्षं मी तोच वापरला होता आणि आत्ता तर तो खराही होता. पण मामा माझ्या तोंडाकडे ज्या आशेनं बघत होते तसं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, आणि तो शब्द मला बाहेर काढता येईना.

"नळ ठेवा," मी म्हणालो. "पद काढून टाका."

"का?"

"मामा, तुमचा आवाज गेलाय."

नरसव्वानं श्वास आत घेतला. अण्णांनी रुमालाची घडी घालायला घेतली. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो. "बार्शीच्या आधीच गेला. वरचा षड्ज कधीचाच लागत नाही. आणि नळावर दुसरी बाई लांबते. राजव्वा. तिची दोन वाक्यं जास्त आहेत, त्यामुळं नवरी यायला उशीर होतो."

मामांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं ते रडताहेत. ते हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तुलाही माहीत होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं मला वाटतंय मी एकटाच लपवतोय. तुला वाईट वाटेल म्हणून रोज सकाळी उठून रियाज करत होतो रे गाढवा."

त्यांनी ट्रंकेची गाठ सोडली, खुंटीवरचं उपरणं घेऊन कमरेला खोचलं आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "बसा अण्णा. नरसव्वा, तूही बस. हं रघू, कुठली दोन वाक्यं म्हणालास?"